किशोरीचा पोशाख आणि अक्काची तबकडी

माझ्या वडिलांच्या आत्याला आम्ही सगळे अक्का म्हणत असू. परळीत तेव्हा निजामाचं राज्य होतं. बायकांनी सिनेमा पाहायचा तो यात्रेतल्या तंबूत, आणि तोही देवादिकांचा. तिच्या सासरी मात्र चावीचा फोनो होता. मुंबईहून आलेल्या तबकड्यांत ‘ब्रह्मचारी’ चित्रपटातलं, यमुनेच्या पाण्यात खेळण्याचं गाणं होतं. अक्काने ते ऐकून ऐकून उचललं. पुढे कुणीतरी बातमी आणली की हे म्हणणारी बाई पडद्यावर पोहण्याच्या तोकड्या कपड्यांत आली आहे. तबकडी माळ्यावर गेली. त्यानंतर अक्का भूपाळ्या म्हणे, वैजनाथाची भजनं म्हणे. ते गाणं फक्त जात्यापाशी, ओठातल्या ओठात.

तिने तो पोशाख पाहिला नव्हता, तबकडी माळ्यावर टाकणाऱ्यांनीही नव्हता. मग विटाळ कशाचा झाला? माझ्या शोधाची सुरुवात या प्रश्नापासून झाली.

‘ब्रह्मचारी’ 1938 सालचा. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी 1936 मध्ये काढलेल्या हंस पिक्चर्सचा. कथा-संवाद आचार्य अत्र्यांचे, संगीत दादा चांदेकरांचं. औदुंबर नावाचा तरुण ब्रह्मचर्यावरचं एक तडाखेबंद व्याख्यान ऐकून भारावतो, सिनेमानट्यांची जमवलेली चित्रं फेकून देतो आणि जोर-बैठका काढू लागतो. मग येते किशोरी. पाण्यात उतरून ती गाऊ लागते आणि औदुंबराचं व्रत डळमळू लागतं. गंमत अशी की ज्यांनी या दृश्यावर टीका केली त्यांची भूमिका अत्र्यांनी चित्रपटात आधीच लिहून ठेवली होती. मुंबईत सेन्सॉर मंडळ 1920 पासून होतं. चित्रपट पडद्यावर आला तो सरकारी दाखल्यानिशीच. टीका झाली, आणि टीका वाचून गर्दीही झाली.

किशोरी झालेल्या मीनाक्षी शिरोडकर मूळच्या रतन पेडणेकर, जन्म 1916. लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकलेल्या, विवाहित. ते गाणं त्यांनी स्वतःच्या गळ्याने म्हटलं आहे. हे मुद्दाम सांगायचं कारण, चित्रपटविषयक लेखनात त्यांच्यावर चार ओळी असतात आणि त्यांतल्या तीन पोशाखावर. चौथी ओळ नातींवर.

प्रसंग लिहिला अत्र्यांनी, जे शाळामास्तर राहिलेले. तो बसवला विनायकांनी, टिपला नाईकांनी. धाडस मात्र नोंदलं गेलं एकटीच्या नावावर, आणि बोलही तिलाच. त्यांना काही कळत नव्हतं, असं म्हणून मी त्यांना बिचारी करणार नाही. त्यांनी भूमिका स्वीकारली आणि पुढेही त्याच कंपनीत ‘ब्रँडीची बाटली’सारख्या चित्रपटांत दिसल्या. पण निर्णय चौघांचा आणि हिशेब एकीचा, हे मला खटकतं.

त्याआधीची तीस वर्षं आपल्याकडे बाईच्या पोशाखाची चाल कोण ठरवत होतं? नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या या पुरुषाचं लुगडं कसं नेसलं आहे, नथ कुठली, अंबाडा कसा, गजरा कुठे माळला, हे घरंदाज बायका नाटकगृहात डोळ्यांत साठवत आणि घरी जाऊन तसंच करून पाहत. चित्रपटकर्ते फाळके यांनाही 1913 मध्ये तारामतीसाठी साळुंके नावाचा पुरुषच घ्यावा लागला. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत पडद्यावर आल्या तेव्हा कुठे बाईची भूमिका बाईने केली. पुरुषाने बाईचं अंग सजवलं तर ती कला. बाईने आपलं अंग आहे तसं पाण्यात नेलं तर बोभाटा. मला बालगंधर्वांबद्दल पराकोटीचा आदर आहे, तरी ही नोंद केल्यावाचून राहवत नाही.

2010 साली लेडी गागा नावाची पॉप गायिका मांसाच्या तुकड्यांचा पोशाख घालून पुरस्कार सोहळ्याला गेली. नंतर तिने त्याचा संबंध अमेरिकी लष्करातल्या समलिंगी सैनिकांच्या हक्कांशी जोडून दाखवला. पोशाख तिचा, अर्थही तिनेच लावलेला. 1938 मध्ये अर्थ लावायचं काम वर्तमानपत्रांनी आणि परळीच्या माळ्यापर्यंत पोहोचलेल्या कुजबुजीने केलं. मीनाक्षीबाईंची नात नम्रता 1993 मध्ये मिस इंडिया झाली. त्या स्पर्धांत पोहण्याच्या पोशाखाची वेगळी फेरीच असे. चार वर्षांनी, 1997 मध्ये, आजी गेल्या.

त्याच सुमारास एका मित्राने पुण्याहून ‘ब्रह्मचारी’ची कॅसेट आणली. व्हीसीआर भाड्याने आणून मी सत्तरी ओलांडलेल्या अक्काला तो प्रसंग दाखवला. ती पदर सावरून पुढे सरकली. गाणं संपेपर्यंत पापणी लवली नाही.

“एवढंच व्हय?” ती म्हणाली. “म्या लई काय काय समजले होते.”

मी कॅसेट थांबवायला उठलो.

“राहू दे,” अक्का म्हणाली. “पुन्हा लाव. मधली एक जागा माझी चुकत होती इतकी वर्षं.”