कुमारजींकडे जायची वाट

"ताई, कुमार गंधर्व ऐकायचे तर आधी काय लावू?" माझ्या धाकट्या जावेनं विचारलं. पाय मोडून ती तीन महिने बिछान्यावर होती. टीव्हीचा कंटाळा आला होता. धार्मिक पुस्तकं वाचून डोळे दुखत होते. आमच्या भोपाळात कुमारजींचं नाव सारखं कानावर पडतं, पण तिनं त्यांना कधी नीट ऐकलं नव्हतं.

मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "निर्गुणी भजनं." सगळेच तसं सांगतात. मलाही कुणीतरी तसंच सांगितलं होतं. मी तिच्या फोनवर भजनं लावून दिली आणि मोठं काम केल्यासारखी स्वयंपाकघरात गेले.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ताई, रागावू नका, पण हे मला झेपत नाही. दुपारी एकटी पडलेली असते. त्यात तो आवाज असा वर जातो, की वाटतं आपणही आता निघालो. बंद करून टाकलं."

मला वाईट वाटलं, आणि तिच्यापेक्षा माझाच राग जास्त आला. भजनं थोर आहेत यात शंका नाही, पण आजारी बाईच्या हातात आपण काय देतोय याचा विचार मी केला नव्हता. थोर ते आधी ऐकवायचं, एवढाच माझा हिशोब.

मग मी विचार करू लागले की आधीची माणसं एखाद्या गवयाचं गाणं ऐकायला कशी सुरुवात करत असतील? त्यांच्यापुढे निवड अशी नव्हतीच. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं, आणि आपल्याकडे ध्वनिमुद्रिकांचं युग सुरू झालं. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. आपल्या भाषेत सांगायचं तर एक कायोत्सर्ग, म्हणजे सत्तावीस श्वासांत नऊ वेळा णमोकार म्हणावा तेवढाच वेळ. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला तेवढ्यात आपलं सगळं सांगावं लागे. पण त्या तीन मिनिटांनीच कितीतरी घरांत गाणं शिरलं. भीमसेन जोशी स्वतः सांगत, की लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि असं गायला यायलाच हवं हे मनानं घेतलं. अकरा वर्षांचा मुलगा १९३३ साली घर सोडून निघाला, तो गुरूच्या शोधात ग्वाल्हेरपर्यंत पोचला. खाँसाहेबांच्या सगळ्या गाण्यांत ती ठुमरी सर्वात थोर होती का, हा प्रश्न त्या मुलाला पडलाच नसेल. ती त्याच्या कानावर पडली आणि त्याला आत घेऊन गेली, एवढं पुरे झालं.

खुद्द कुमारजींचंही तसंच. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा सहा-सात वर्षांचा असताना अचानक रामकृष्णबुवा वझ्यांची तबकडी जशीच्या तशी म्हणू लागला. पुढे मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या तो हुबेहूब गाऊन दाखवी. त्यावरूनच 'कुमार गंधर्व' हे नाव पडलं. म्हणजे ज्यांच्याकडे जायची वाट आपण शोधतोय, ते स्वतः गाण्यात आले ते तबकडीच्या दारातून.

पुढे लाँग प्ले आली. एका बाजूला वीसेक मिनिटं. दोन्ही बाजू मिळून एका सामायिकाला थोड्या कमी. आता राग सावकाश मांडता येऊ लागला, आणि कुठली तबकडी आधी घ्यावी हा प्रश्नही आला, कारण ती महाग होती. घरात चार तबकड्या असायच्या आणि त्या चारच पुनःपुन्हा वाजायच्या. ऐकून ऐकून न कळणारंही कळू लागे. आता फोनवर हजारो आहेत. एक नाही आवडलं की बोट लावून पुढे. त्यामुळे सुरुवात चुकली तर माणूस परत फिरकत नाही. म्हणून ती नीट सांगायची जबाबदारी आपल्यासारख्या सांगणाऱ्यांवर आली आहे, असं मला वाटतं.

जावेसाठी मी कुमारजींचं चरित्र पुन्हा चाळलं, आणि लक्षात आलं की उत्तर तिथेच होतं. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकून नाव झालेलं, १९४७ साली भानुमती कंस यांच्याशी लग्न झालेलं, आणि लगेच क्षयाचं निदान. कोरडी हवा हवी म्हणून १९४८ च्या जानेवारीत दोघं देवासला आले. देवास म्हणजे आपल्या भोपाळहून सीहोर, आष्टा, सोनकच्छ करत इंदूरच्या रस्त्यावर दीडशे किलोमीटर. वय तेवीस. गाणं बंद. पाच वर्षं बिछाना. भानुताई शाळेत शिकवून घर चालवत आणि त्यांची शुश्रूषा करत. स्ट्रेप्टोमायसिन हे त्या वेळी नवं असलेलं औषध मिळालं म्हणून ते वाचले, पण एक फुप्फुस कायमचं अधू झालं.

त्या पाच वर्षांत त्यांनी काय ऐकलं? खिडकीबाहेरून जाणाऱ्या बायकांची गाणी. लग्नाची, बाळंतपणाची, पावसाची, माळवी बोलीतली. तीन-चार सुरांत फिरणारी. ज्यांना कुणी गाणं म्हणतच नव्हतं, 'बायका काहीतरी म्हणतात' एवढंच म्हणत होतं. कुमारजींनी ती मनात साठवली, बरे झाल्यावर गोळा केली, आणि त्या धुनांत दडलेले राग बाहेर काढले. मालवती, लगनगांधार, संजारी, सहेली तोडी. यांना ते धुनउगम राग म्हणत. १९५३ साली ते पुन्हा मैफलीत गायले तेव्हा गाणं बदललेलं होतं. श्वास पुरत नव्हता म्हणून लहान लहान, नेमके तुकडे, मध्ये थांबणं, मग एकदम झेप. निर्गुणी भजनंही देवासचीच. शीलनाथ महाराजांच्या धुनीवर येणाऱ्या नाथपंथी साधूंकडून ती त्यांच्या कानावर आली. पण त्यांच्या आयुष्यात आधी बायकांची गाणी आली.

मी जावेला हे सगळं सांगितलं. ती उशाला टेकून बसली. "म्हणजे तेही असेच पडून होते?" "पाच वर्षं." "आणि ऐकत होते?" "ऐकतच होते." मग मी माळव्याची लोकगीतं लावली, आणि नंतर 'गीतवर्षा' या त्यांच्या पावसाळी कार्यक्रमातली. दुसऱ्या गाण्याला तिची बोटं चादरीवर ठेका धरू लागली. "अहो ताई, असं तर आमच्या शेजारच्या काकी हळदीला म्हणायच्या!" ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

आठवड्यानं मी तिला मधसुरजा ऐकवला. हाही त्यांचाच राग, दुपारचा. देवासच्या टेकडीवर देवीचं देऊळ आहे. पायथ्याच्या रस्त्यावर कुमारजींचं 'भानुकुल' हे घर. या रागातल्या त्यांच्या बंदिशीत बळी द्यायला नेली जाणारी बकरी देवीलाच विनवते, की आई, मला वाचव, माझं लेकरू घरी आहे. अर्थ सांगून मगच लावलं. ती काही बोलली नाही. गाणं संपल्यावर म्हणाली, "परत लावा." आपण पर्युषणात किती व्याख्यानं ऐकतो अहिंसेवर! इथे व्याख्यान नव्हतं. एक मुका जीव मोठ्या गवयाच्या गळ्यातून बोलत होता आणि ते आमच्या घरातल्या, शास्त्रीय संगीताचं ओ की ठो न कळणाऱ्या बाईला कळत होतं.

तेव्हापासून कुणी विचारलं तर मी क्रम असा सांगते. पहिल्यांदा माळव्याची लोकगीतं आणि गीतवर्षा. मग मराठीतलं ओळखीचं, म्हणजे वाणी जयराम यांच्याबरोबरचं 'ऋणानुबंधाच्या' किंवा बालगंधर्वांची पदं त्यांनी आपल्या समजुतीनं गायली ती. मग धुनउगम रागांतल्या लहान बंदिशी. त्यानंतर निर्गुण. मोठा विलंबित ख्याल सर्वात शेवटी. हा क्रम साधारण त्यांच्या स्वतःच्या दुसऱ्या जन्माचा आहे. कलावंत जिथून नव्यानं उभा राहिला, तिथून आपणही सुरुवात करावी.

सगळ्यांना हाच नियम लागेल असं मात्र नाही. शेजारच्या इंदूरचे अमीर खाँसाहेब बघा. त्यांची १९६० सालची मारवा आणि दरबारीची लाँग प्ले रसिक पहिली सांगतात. ज्याला संथपणाची सवय आहे, सामायिकात स्थिर बसता येतं, त्यानं खुशाल मारव्यापासून सुरुवात करावी. पण ज्याला ते जड वाटेल, त्यानं १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे' या सिनेमाचं शीर्षकगीत आधी ऐकावं, तेही त्यांचंच. सिनेमातून आलो म्हणून कुणी दारात अडवत नाही. कोण ऐकणार आहे, आज तिचं मन कुठे आहे, हे आधी बघावं, एवढंच मी शिकले.

माझी स्वतःची एक खंत आहे, ती सांगून टाकते. १९९१ साली लग्न होऊन मी भोपाळला आले. भारत भवन घरापासून लांब नव्हतं. कुमारजी आपल्या प्रांतातले, कधीतरी ऐकू, असं म्हणत राहिले. १२ जानेवारी १९९२ रोजी ते देवासला गेले. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. इंदूरला जाताना देवास कितीदा लागलं, पण त्यांना समोर बसून ऐकायचं राहिलं ते राहिलंच. कुठून सुरुवात करावी हे सांगणारं कुणी नव्हतं, हे कारण मी स्वतःला देते. खरं तर मी विचारलंच नव्हतं. जावेनं विचारलं, हे तिचं मोठेपण.

ती आता काठी घेऊन चालते. भाजी निवडताना माळवी गाणी गुणगुणते. निर्गुणी भजनांकडे ती अजून गेलेली नाही. परवा म्हणाली, "ताई, ती आहेत ना तिथेच? मग जाईन सावकाश."

आहेत. कुठे जात नाहीत ती.