'बायोस' : एका संज्ञेचा उदय आणि अस्त

यीस्टच्या पेशींकडून प्रथिने करवून घेताना जे पोषणद्रव वापरतात, त्यांतून मांसाचे पेप्टोन, दुधातील केसीन असे प्राणिजन्य घटक वगळण्याचा प्रयत्न हा अगदी अलीकडचा होय, अशी समजूत आढळते. तिला कारणही आहे. १९८६ साली ब्रिटनमध्ये गुरांचा बीएसई हा मेंदुविकार ओळखला गेला आणि पुढे औषधनिर्मितीत अशा घटकांविषयी साशंकता वाढली. परंतु प्रश्नाचे मूळ १८६० सालच्या फ्रान्समध्ये शोधावे लागते.

त्या वर्षी लुई पाश्चर ह्यांनी साखर, अमोनियम टार्टरेट आणि यीस्टची राख एवढ्याच सामग्रीत टाचणीच्या माथ्याएवढे यीस्ट पेरून ते वाढवून दाखविले. किण्वन हे जीवनकार्य आहे, की विघटन पावणाऱ्या सेंद्रिय द्रव्याची केवळ रासायनिक क्रिया, असा तो वाद होता. दुसऱ्या पक्षाचे धुरीण युस्टुस फॉन लीबिख ह्यांस हा प्रयोग साधला नाही, व तसे त्यांनी प्रसिद्धही केले. पाश्चरांनी आव्हान दिले; १८७३ साली लीबिख निवर्तले.

दोघांपैकी कोणाच्याही सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते, हे कळावयास १९०१ साल उजाडले. बेल्जममधील लूव्हाँ येथे विल्डियर्स ह्यांस असे दिसले की, पेरणी अत्यल्प असता यीस्ट वाढत नाही. ती भरपूर असता वाढते. अर्थात पेरलेल्या यीस्टबरोबर एखादे अज्ञात द्रव्यही द्रवात जात असले पाहिजे. त्याला त्यांनी 'बायोस', म्हणजे ग्रीक भाषेतील 'जीवन', हे नाव दिले. भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष येथे अडते. वस्तू हाती येण्यापूर्वीच नाव आले, आणि नावाने तिचे एकवचनही गृहीत धरले. प्रत्यक्षात वस्तू अनेक निघाल्या. १९२८ साली 'पहिला बायोस' म्हणजे इनॉसिटॉल, असे ठरले. पुढे पँटोथेनिक आम्ल व बायोटिन वेगळी झाली, आणि मूळ संज्ञा कोशापुरती उरली.

बायोटिनची कथा तर विलक्षणच. १९३६ साली उट्रेख्ट येथे क्योग्ल व ट्योनिस ह्यांनी ते शुद्ध रूपात मिळविले ते अंड्यांच्या बलकातून; सुमारे २५० किलो वाळविलेल्या बलकापासून जेमतेम १.१ मिलिग्रॅम! म्हणजे यीस्टला लागणारा हा घटक प्रथम हाती आला तो प्राणिजन्य पदार्थातूनच. १९४३ साली त्याचे संश्लेषण झाले, तेव्हा कोठे ही अडचण दूर झाली. पिकिया पास्टोरिस ह्या यीस्टला आज खनिज क्षार, अमोनिया, ग्लिसरॉल वा मिथेनॉल आणि किंचित बायोटिन एवढे पुरते. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची १९९७ सालची कावीळ-ब प्रतिबंधक लस ह्याच यीस्टपासून झाली.

तरीही पुष्कळ ठिकाणी मांसाच्या पेप्टोनच्या जागी सोयाबीनचे पेप्टोन घालून काम भागवितात. असा द्रव 'प्राणिमुक्त' खरा, परंतु 'ज्ञातघटक' नव्हे. ह्या दोन संज्ञा सर्रास समानार्थी वापरल्या जातात, ते योग्य नाही. सोयाबीनच्या पेप्टोनमध्ये काय काय आहे ह्याची संपूर्ण यादी देता येत नाही आणि त्याची एक खेप दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. विल्डियर्स ह्यांचे अज्ञात द्रव्य तेथे नाव बदलून नांदतेच आहे.