धुराची हद्द

बंगळूर शहर जन्मास येण्यापूर्वी ज्या गावी नाडप्रभूंची गादी नांदत होती, ते येलहंका आज त्याच शहराचे उत्तरेकडील एक उपनगर म्हणून ओळखले जाते. येथल्या केंपेगौडाने १५३७ साली दक्षिणेस काही कोसांवर मातीचा कोट उभारून पेठा वसविल्या, त्या पेठांची भरभराट होत गेली, आणि १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने त्या काबीज केल्यावर बंगळूरची जहागीर शहाजीराजांच्या पदरी पडली, ही हकीकत मराठी वाचकास ठाऊक आहे. स्वतंत्र नगरपालिका असलेले येलहंका २००७ साली बृहत् बंगळूर महानगरपालिकेत विलीन झाले, पुढच्याच वर्षी २४ मे रोजी देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला, आणि गावालगतचा बल्लारी रस्ता टॅक्सींनी, बसगाड्यांनी व हैदराबादकडे जाणाऱ्या मालट्रकांनी अहोरात्र वाहू लागला. याच सुमारास या रस्त्यावर एक अदृश्य सीमा आखली गेली होती, जिच्या अलीकडे धुराला एक कायदा होता आणि पलीकडे दुसरा.

मोटारीच्या धुराचे नियमन कॅलिफोर्नियाने १९६६ च्या सुमारास आरंभिले. आपल्याकडे पेट्रोलच्या गाड्यांसाठी १९९१ साली आणि डिझेलच्या गाड्यांसाठी १९९२ साली पहिली मानके आली. ती इतकी सौम्य होती की कारखानदारांची झोप त्यांनी उडविली असेल असे वाटत नाही. १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि शिशामुळे हे यंत्र निकामी होत असल्याने बिनशिशाचे पेट्रोलही त्याबरोबर आले. खरा हुकूम सुटला तो मात्र न्यायासनावरून. महेशचंद्र मेहता यांनी १९८५ साली दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी दिल्लीच्या राजधानी क्षेत्रासाठी कडक मानके फर्माविली, आणि अवघ्या काही आठवड्यांची मुदत मिळालेल्या कंपन्यांना कळून चुकले की मंत्रालयातील ओळखीपाळखींचा येथे उपयोग नाही.

या धांदलीतून काही पद्धतशीर वेळापत्रक निघावे म्हणून २००१ मध्ये सरकारने एक तज्ज्ञ समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद गोव्यातील माशेल गावी जन्मलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांकडे सोपविले. समितीचा विचार व्यवहारी होता. इंजिन सुधारून भागत नाही, इंधनातील गंधकही उतरले पाहिजे. गंधक उतरविण्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांत प्रचंड भांडवल घातले पाहिजे. आणि ते भांडवल एका रात्रीत उभे राहत नाही. म्हणून दाट वस्तीच्या, दूषित हवेच्या शहरांत आधी व उर्वरित देशात मागाहून, अशी दुहेरी योजना २००३ साली मान्य झाली. १ एप्रिल २०१० रोजी तेरा शहरी प्रदेशांत बीएस ४ (भारत स्टेज ४) मानक लागू झाले. त्यांत बंगळूर होते, हैदराबाद होते, मुंबई, पुणे आणि सोलापूरही होते.

या व्यवस्थेचा दोष बल्लारी रस्त्यावर स्पष्ट दिसला. बंगळूर आणि हैदराबाद ही दोन्ही टोके बीएस ४ च्या अमलाखाली, तर मधला चिक्कबळ्ळापूर, अनंतपूर, कर्नूल हा सारा टापू प्रथम बीएस ३ च्या अमलाखाली. शहरातील डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० होते, बाहेर ३५०. बीएस ४ ची मालमोटार कोणी घेतलीच, तरी वाटेत तिच्या यंत्रणेस मानवेल असे डिझेल मिळण्याची शाश्वती नव्हती. साहजिकच लांब पल्ल्याचे ट्रक जुन्याच मानकाचे विकले गेले आणि तेच येलहंक्यावरून शहराच्या दारापर्यंत येत राहिले. वाऱ्याला नगरपालिकेचे नकाशे वाचता येत नाहीत. बीएस ४ साऱ्या देशाला लागू होण्यास त्यानंतर सात वर्षे लागली, ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

कारखानदारांचे नुकसान झाले नाही असे नाही. बंगळूरजवळ बिडदी येथे किर्लोस्करांच्या भागीदारीत उभ्या राहिलेल्या टोयोटाच्या कारखान्याचे उदाहरण घ्या: १६ डिसेंबर २०१५ रोजी न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन हजार सीसी व त्यावरील डिझेल मोटारींची नोंदणी थांबविली, आणि मानकांत बसणारी इनोव्हा तेथे अविक्रेय ठरली; पुढील ऑगस्टात एक टक्का अधिभार घेऊन बंदी उठली. बीएस ३ वाहनांची विक्री रोखणारा २९ मार्च २०१७ चा निकाल याहून जबर होता. आमच्यावर बंधन उत्पादनाचे आहे, विक्रीचे नाही, हा कंपन्यांचा युक्तिवाद फेटाळला गेला, सुमारे ८.२४ लाख बीएस ३ वाहने पडून राहण्याची वेळ आली, आणि दोन दिवस दुचाकींच्या दुकानांत यात्रेची गर्दी लोटली. परंतु बीएस ४ देशभर लागू होण्याचा दिवस आधीपासून ठरलेला होता. शिवाय फोक्सवॅगनने चाचणीपुरता धूर आवरणारी संगणकप्रणाली गाड्यांत बसविल्याचे २०१५ साली उघड झाले आणि पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या तपासणीनंतर भारतात ३.२३ लाख गाड्या परत बोलावण्याचे जाहीर झाले. तेव्हा उद्योगाच्या शब्दावर विसंबणे किती धोक्याचे, हेही दिसून आले.

चालकाची कहाणी निराळी आहे. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून निघालेली टू-स्ट्रोक रिक्षा पेट्रोलबरोबर तेल जाळी आणि त्यातले बरेचसे न जळताच मागे सोडी. पण तिचे इंजिन कोणत्याही नाक्यावरचा मेस्त्री उघडू शके, आणि तिच्यावर एका कुटुंबाचा चरितार्थ चाले. बंगळुरात या रिक्षांना प्रथम एलपीजीची सक्ती झाली, मग त्या मोडीत काढण्यासाठी अनुदान देऊ केले गेले. १ एप्रिल २०२० रोजी बीएस ५ ची पायरी गाळून बीएस ६ आले. डिझेल मोटारीच्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर उतरली, मारुतीने डिझेल मोटारी बंदच केल्या, आणि टॅक्सीवाल्याच्या बोलण्यात डीपीएफ हा शब्द शिरला. काजळी अडविणारी ही गाळणी साफ होण्यासाठी गाडी काही काळ सलग वेगाने पळावी लागते. विमानतळाच्या उन्नत मार्गावर ते साधते, हेब्बाळच्या कोंडीत साधत नाही. दिवा लागतो, आणि स्कॅनर नसलेला मेस्त्री हात टेकतो.

बीएस ६ चा निर्णय २०१६ च्या जानेवारीतच जाहीर झाला असल्याने चार वर्षांची पूर्वसूचना मिळालेल्या कारखानदारांची मुदतीविषयीची तक्रार मी ग्राह्य धरणार नाही. चालकाची तक्रार मात्र रास्त आहे: गाडीची वाढीव किंमत त्याने भरली, महागडी दुरुस्ती त्याच्या माथी आली, आणि वेळापत्रक आखताना त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही.