जुळ्या गर्भधारणेतील सदोष गर्भ

जुळ्यांपैकी एकाच गर्भात शारीरिक किंवा गुणसूत्रीय दोष असून दुसरा निरोगी असण्याची अवस्था. डोक्याची कवटी व मेंदू पूर्ण न घडणे (अमस्तिष्कता), हृदयदोष आणि डाउन सिंड्रोम ही त्याची ठळक उदाहरणे होत. एका गर्भाबाबतच्या निर्णयाचा परिणाम दुसऱ्यावरही होत असल्याने, उपचाराची दिशा दोषाच्या तीव्रतेइतकीच दोघांची वार, म्हणजे आईकडून गर्भाला पोषण पुरवणारा अवयव, एक आहे की स्वतंत्र, यावर ठरते. ही गोष्ट 11 ते 14 आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत स्पष्ट कळते : दोन पिशव्यांमधला पडदा वारेला मिळतो तेथे जाड त्रिकोण दिसल्यास वारा स्वतंत्र, आणि पातळ पडदा काटकोनात टेकलेला दिसल्यास वार एकच, असे समजतात.

वारा स्वतंत्र असल्यास सदोष गर्भाच्या हृदयात पोटॅशियम क्लोराइड टोचून त्याची वाढ थांबवता येते. यास निवडक गर्भन्यूनीकरण म्हणतात. वार एकच असल्यास दोघांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात, त्यामुळे हे औषध निरोगी गर्भापर्यंत पोहोचू शकते आणि सदोष गर्भ दगावताच जिवंत गर्भाचे रक्त त्याच्याकडे वाहून मेंदूला इजा किंवा मृत्यू ओढवू शकतो. म्हणून अशा वेळी नाळेतील रक्तप्रवाहच उष्णतेने बंद करतात. एका गर्भाला हृदयच नसल्यास निरोगी गर्भाचे हृदय दोघांसाठी रक्त ढकलून निकामी होण्याचा धोका असतो. अमस्तिष्क गर्भाला गर्भजल नीट गिळता येत नसल्याने ते वाढून अकाली कळा सुरू होऊ शकतात. तेव्हा वाढलेले पाणी सुईने काढतात आणि बाळाच्या फुप्फुसांच्या परिपक्वतेसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात.

1971च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यातील 2021च्या दुरुस्तीनुसार, गर्भात गंभीर दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास 24 आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. त्यापूर्वी, 2020 मध्ये, महाराष्ट्रातील एका प्रकरणात जुळ्यांपैकी डाउन सिंड्रोम असलेल्या गर्भाच्या न्यूनीकरणास सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली होती.

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडसारख्या तालुक्यातून नागपूर व चंद्रपूर ही दोन्ही मोठी वैद्यकीय केंद्रे सुमारे शंभर किलोमीटरवर असल्याने, पहिल्या तिमाहीतील नोंदणी व सोनोग्राफी चुकल्यास वारेचा प्रकार ठरवणे अवघड होते आणि उपचाराचे पर्यायही घटतात. या भागात आढळणारा सिकलसेल आजार आईला असल्यास जुळ्यांमुळे तिचा रक्तक्षय आणखी वाढतो. वाचलेले बाळ बहुधा कमी दिवसांचे व कमी वजनाचे असते. अशा बाळांसाठी गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेने 1990च्या दशकात गावातील प्रशिक्षित स्त्रियांमार्फत विकसित केलेली घरोघरी नवजात बालसेवेची पद्धत पुढे देशभर स्वीकारली गेली.