बर्लिनमधील १४९ कवट्या आणि इरावती कर्वे

१/ १९२८ साल. पुण्याच्या कर्वे घराण्याची सून इरावती मानववंशशास्त्रातील डॉक्टरेटसाठी जर्मनीस निघाली. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या सासऱ्यांचा, धोंडो केशव कर्वे यांचा, या जाण्याला विरोध होता. पती दिनकर मात्र ठाम होते. त्यांनीही रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण जर्मनीतच घेतले होते.

२/ बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे इरावतीबाईंचे मार्गदर्शक. गोऱ्या युरोपीयांची बुद्धी श्रेष्ठ, म्हणून त्यांच्या कवटीच्या उजव्या-डाव्या बाजू अधिक असमान असणार, हे त्यांचे गृहीतक. ते पडताळण्याचे काम या हिंदुस्थानी विद्यार्थिनीकडे आले.

३/ तिने १४९ कवट्या मोजल्या. असमानता आढळली, पण तिचा वंशाशी संबंध काही दिसेना. ज्यांच्या हाती पदवी, त्यांचेच गृहीतक चुकीचे ठरत होते. तरीही आकडे जे सांगत होते, तेच तिने प्रबंधात लिहिले. १९३० मध्ये डॉक्टरेट मिळाली.

४/ १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्यांच्या संस्थेचे वंशशास्त्र नाझी धोरणांच्या सेवेला लागले.

५/ मायदेशी परतल्यावर इरावतीबाईंनी मोजमाप सोडले नाही. महाराष्ट्रातील जाती-जमातींची शरीरमापे त्यांनी घेतली. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. महाभारतातील थोरामोठ्यांनाही निर्भीडपणे तपासणारी ती दृष्टी बर्लिनमध्येच कसाला लागली होती.