माळ्यावरच्या कॅसेटमधलं लग्न डिस्कवर कसं आणायचं? घरच्या व्हिडिओंची पहिली ओळख

निगडी प्राधिकरण, चिंचवड, संत तुकारामनगर, भोसरी. या भागातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर हमखास सापडणारी एक वस्तू म्हणजे काळी व्हीएचएस कॅसेट. वर मार्करने लिहिलेलं असतं, 'शुभविवाह' किंवा 'वास्तुशांत'. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, पुढे टेल्को आणि बजाज आले, १९७२ मध्ये प्राधिकरण स्थापन झालं. गावाकडून नोकरीसाठी आलेली कुटुंबं इथे स्थिरावली, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकात मुलांची बारशी, मुंजी, लग्नं व्हिडिओवर उतरली. त्या चित्रीकरणातली निम्मी माणसं आज नाहीत. आजोबांचा आवाज फक्त त्या टेपमध्येच उरला आहे.

आणि ती टेप फार काळ टिकणारी नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कणांचा थर, एवढीच तिची रचना. वर्षं सरतात तसा हा थर क्षीण होतो, पावसाळ्यातल्या दमट हवेत त्यावर बुरशी धरते. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. कॅसेट चालवणारं यंत्रच मिळेनासं झालं आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हा हे यंत्र बनवणारी ती शेवटची मोठी कंपनी मानली जात होती. आता जे आहेत ते जुने, आणि ते दुरुस्त करणारे कारागीरही कमी होत चालले आहेत.

आधी कॅसेट ओळखा

मोठी, पुस्तकाएवढी असेल तर व्हीएचएस. ऑडिओ कॅसेटच्या आकाराची, पण जाडसर असेल तर व्हिडिओ-८ किंवा हाय-८. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी आणि 'मिनी डीव्ही' लिहिलेली असेल तर नशीब चांगलं, कारण त्यात चित्र आधीच डिजिटल आहे. छोट्या कॅसेटसाठी शक्यतो त्याच प्रकारचा कॅमेरा लागतो. नातेवाइकांत विचारून पाहा, कुणाच्या तरी कपाटात तो पडून असतो.

कॅसेट हातात आली की लगेच यंत्रात घालू नका. खिडकीतून टेपच्या रिळाकडे नीट बघा. पांढरी पावडर किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट चालवली तर व्हीसीआरचं हेड खराब होतं आणि तीच घाण पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. ती बाजूला ठेवून जाणकाराकडे द्यावी. कॅसेट स्वच्छ असेल तर कडेचा छोटा प्लॅस्टिकचा तुकडा मोडलेला आहे का ते पाहा. नसेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी लग्न पुसलं जाणार नाही. वर्षानुवर्षं न चाललेली टेप आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे आणावी.

जोडणी आणि रेकॉर्डिंग

लागतं ते एवढंच: चालू व्हीसीआर, यूएसबी कॅप्चर उपकरण आणि लॅपटॉप. पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. ओबीएस स्टुडिओसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. सेटिंगमध्ये 'पाल' निवडायला विसरू नका. भारतातलं चित्रीकरण त्याच पद्धतीचं आहे, ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकी 'एनटीएससी' राहिलं की चित्र काळंपांढरं दिसतं किंवा उड्या मारतं, आणि लोक बिचाऱ्या कॅसेटला दोष देतात.

इथे घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात. दुसऱ्या पाळीला जाण्याआधी लावून निघून जावं असा मोह होतो, पण अधूनमधून बघायला कुणीतरी हवं. मध्येच आवाज आणि ओठ जुळेनासे होतात, ते शेवटी कळलं तर सगळं पुन्हा करावं लागतं. आणि शक्यतो गुरुवार टाळा. आपल्या पट्ट्यात वीजदुरुस्तीची कामं बहुधा त्याच दिवशी निघतात. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, व्हीसीआर मात्र बंद पडतो.

चित्राच्या तळाशी फडफडणारी पट्टी दिसली तर घाबरू नका, व्हीएचएसचं ते असंच असतं. हलत्या माणसांच्या कडेला फणीसारख्या रेघा दिसतात, त्या जुन्या टीव्हीच्या एकाआड एक ओळींमुळे. मोबाइलसाठी प्रत काढताना त्या सॉफ्टवेअरने घालवता येतात, मूळ फाइलमध्ये मात्र हात घालू नये.

मिनी डीव्हीसाठी फायरवायर केबल लागते. तासाला साधारण १३ जीबी जागा खाते, पण टेपवर आहे तसंच्या तसं संगणकावर उतरतं. नव्या लॅपटॉपला हे पोर्ट नसतं, म्हणून जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी एकदा मागची बाजू बघावी.

डिस्क, पण फक्त डिस्क नाही

साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, म्हणजे बऱ्या दर्जाचे सुमारे दोन तास. तीन तासांचं लग्न कोंबून एका डिस्कवर बसवण्यापेक्षा दोन डिस्क कराव्यात. टीव्हीखालच्या प्लेअरवर लावायची असेल तर नुसती फाइल टाकू नका, 'डीव्हीडी व्हिडिओ' म्हणून बर्न करा, वेग कमी ठेवा आणि शेवटी 'फायनलाइज' करा. नाहीतर आपल्या संगणकावर चालणारी डिस्क मावशीच्या प्लेअरवर चालत नाही.

घरी बर्न केलेल्या डिस्कचा रंगीत थरही काही वर्षांत बिघडू शकतो. त्या काळी फोटो स्टुडिओने लग्नाची व्हीसीडी दिली असेल तर तीही आत्ताच कॉपी करून घ्या. तिचं चित्र फक्त ३५२ बाय २८८ असतं, त्यामुळे मूळ कॅसेट घरात असेल तर पुन्हा कॅसेटवरूनच उतरवणं चांगलं. डिस्क ही आजीला देण्यासाठी. मूळ फाइल एका हार्डडिस्कवर आणि दुसरी प्रत वेगळ्या घरी, गावच्या भावाकडे असली तरी चालेल. फाइलच्या नावात वर्ष, प्रसंग आणि गाव लिहा, आणि ज्येष्ठांपैकी कुणाला तरी शेजारी बसवून कोण कोण दिसतं ते लिहून घ्या.

काम झालं म्हणून कॅसेट फेकू नका. कोरड्या जागी, उभी ठेवा.