फाईल-पथ व यूआरआय

फाईल-पथ व यूआरआय : संगणकात साठविलेल्या फाईलीचे स्थान दर्शविणाऱ्या चिन्हमालिकेस फाईल-पथ आणि कोणत्याही साधनाचा प्रमाणित रीतीने निर्देश करणाऱ्या चिन्हमालिकेस यूआरआय म्हणतात. दोहोंचे रूप सारखे दिसले, तरी नियम भिन्न आहेत. एकीचे दुसरीत रूपांतर करण्याचे काम तयार आज्ञावल्यांच्या संग्रहाकडे, म्हणजे लायब्ररीकडे, असते.

इतिहास : उतरंडीच्या निर्देशिका-रचनेचे विवेचन आर. सी. डेली व पी. जी. नॉयमन यांनी १९६५ मध्ये मल्टिक्स प्रणालीसाठी केले. मल्टिक्समध्ये निर्देशिकांची नावे ‘>’ या चिन्हाने विभागीत. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित झालेल्या युनिक्समध्ये त्याजागी ‘/’ ही तिरपी रेघ आली. एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत (१९८१) उपनिर्देशिका नव्हत्या आणि तिरपी रेघ आज्ञांचे पर्याय दर्शविण्यास वापरली जाई. त्यामुळे १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत उपनिर्देशिका आल्या, तेव्हा विभाजक म्हणून ‘\’ ही उलटी रेघ योजावी लागली. टिम बर्नर्स-ली यांनी जागतिक जाळ्यातील पत्त्यांसाठी युनिक्सचीच रेघ स्वीकारली. या पत्त्यांचे नियम १९९४ मध्ये आणि यूआरआयचे व्यापक प्रमाण जानेवारी २००५ मध्ये (आरएफसी ३९८६) प्रसिद्ध झाले.

अर्थनिर्णय : यूआरआयमध्ये पहिल्या अपूर्णविरामापूर्वीचा भाग योजनेचे नाव समजला जातो, म्हणून ‘सी:’ हे तबकडीचे अक्षर योजना म्हणून वाचले जाण्याचा संभव असतो. फाईलीच्या नावात ‘#’ चालते. यूआरआयमध्ये मात्र तेथून उपभाग सुरू होतो. रिकामी जागा ‘%२०’ अशी लिहावी लागते. जावा भाषेतील फाईल-पथापासून थेट पत्ता बनविणारी जुनी पद्धती हे सांकेतिक रूपांतर करीत नसे. १.४ या आवृत्तीत (२००२) यूआरआयसाठी स्वतंत्र वर्ग आला व सहाव्या आवृत्तीत (२००६) जुनी पद्धती त्याज्य ठरविण्यात आली.

सुरक्षितता : ‘..’ या खुणेने वरच्या निर्देशिकेत जाता येते. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या सेवा-आज्ञावलीतील एक दोष जाहीर झाला. तिरपी रेघ वेगळ्या सांकेतिक रूपात लिहिल्यास ‘..’ ची तपासणी चुकविता येई व मर्यादेबाहेरील फाईलींपर्यंत पोहोचता येई. सप्टेंबर २००१ मध्ये पसरलेल्या निम्डा या उपद्रवी आज्ञावलीने अशाच दोषांचा इतर मार्गांबरोबर उपयोग केला. म्हणून यूआरआयचे घटक प्रथम वेगळे करावे, संकेत एकदाच उलगडावे, ‘..’ चा निरास करावा व त्यानंतरच प्रवेशाधिकार तपासावा, हा क्रम आवश्यक ठरतो.